भीती घराण्यात असते का?

गेल्या माघ महिन्यातली गोष्ट. एके सकाळी कासूला आमच्या घरी एक गृहस्थ आले. नागोठण्याच्या पलीकडच्या गावचे. मुलाचे लग्न ठरवायचे होते, आणि मुलगी आमच्या बाजूची होती. ओटीवर बसले, पाणी प्याले, आणि मग हळूच म्हणाले,

"मास्तर, पोरगी चांगली हाय, शिकलेली हाय. पन लोक सांगतात, तिचा बापूस लय भितो. पावसाचा रातभर जागा राहतो. तिचा आजापन तसाच होता म्हनं. उद्या आमची नातवंडं तशीच निघाली तर? बापसाला तुमी शिकवलंय. खरं काय ते सांगा."

प्रश्न मोठा होता. चट्‌कन हो किंवा नाही म्हणावे, असा नव्हता. एका मुलीचे लग्न त्यावर अडले होते. आम्ही त्यांना म्हणालो, "दोन दिवस द्या. परवा या."

त्या दोन दिवसांत आम्ही पुस्तके चाळली. ओळखीच्या एका डॉक्टरांना जाऊन विचारले. जे समजले ते त्या गृहस्थांना सांगितले, आणि तेच येथे तुम्हालाही सांगत आहोत. ज्या घरची ही गोष्ट आहे, त्यांना विचारूनच लिहीत आहोत. नावे मात्र देत नाही.

भीती कोठे राहते?

समजा, तुम्ही रात्रीचे बांधावरून चालला आहात. वाटेत काही तरी लांबट, काळे पडलेले दिसते. तुमचा पाय जागच्या जागी थांबतो. छाती धडधडू लागते. तळहाताला घाम येतो. साप आहे की दोर, हे कळायच्या आधीच हे सगळे होते. असे का होते?

आपल्या मेंदूत खोलवर, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक लहान भाग असतो. हा भाग म्हणजे घराचा राखणदार कुत्रा समजा. काही वावगे दिसले की तो आधी भुंकतो. विचार मागाहून. तो भुंकला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात एक रस सोडतात. त्या रसाने छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांत बळ येते. पळायचे तर पळता यावे, लढायचे तर लढता यावे, म्हणून ही तयारी.

कपाळाच्या मागे मेंदूचा दुसरा एक भाग आहे. तो घरचा मालक. तो जणू बॅटरी घेऊन बाहेर येतो, नीट पाहतो आणि म्हणतो, "अरे, हा तर बैलाचा कासरा!" मग कुत्रा गप्प होतो. छाती हळूहळू ठिकाणावर येते.

तेव्हा भीती ही वाईट वस्तू नव्हे. ती नसती तर आपण सापावर पाय दिला असता.

पण काही माणसांचा कुत्रा पान हलले तरी भुंकतो, आणि मालकाने सांगितले तरी लवकर गप्प होत नाही. समोर काही नसते, तरी छाती धडधडते. झोप येत नाही. पोटात कालवते. मन म्हणत राहते, "आता काही तरी वाईट होणार." हे महिनोन्‌महिने चालले, त्यापायी खाणेपिणे नि कामधंदा बिघडला, तर डॉक्टर त्याला चिंतेचा आजार म्हणतात. तो ताप-खोकल्यासारखाच आजार आहे. तो ढोंग नव्हे, करणीही नव्हे.

शरीरातली अक्षरे

आता पुढचा प्रश्न. एकाचा कुत्रा शांत, दुसऱ्याचा तापट. असे का?

तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. एका अक्षराने, एका वेलांटीने काय होते, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. 'पाठ' लिहायचे, त्या जागी 'पीठ' लिहिले, तर अर्थच बदलला. पण 'मी घरी जातो' यातला 'मी' ऱ्हस्व लिहिला, तर चूक खरी, पण अर्थ बिघडत नाही. वाचणारा समजून घेतो.

आपल्या शरीरातही असेच एक लिखाण असते. शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. बहुतेक प्रत्येक पेशीत ४६ धागे असतात. २३ आईकडून आलेले, २३ बापाकडून. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. या धाग्यांवर शरीर कसे घडवायचे, कसे चालवायचे, याच्या सूचना लिहिलेल्या असतात. एकेका सूचनेला जनुक म्हणतात. माणसाची अशी सुमारे २०,००० जनुके आहेत. आणि सगळे लिखाण मोजले, तर आईकडून सुमारे ३०० कोटी अक्षरे येतात, आणि बापाकडून तितकीच.

कोणत्याही दोन माणसांची ही अक्षरे घ्या. हजारांतली ९९९ अगदी सारखी असतात. जात वेगळी असो, देश वेगळा असो. हजारात एखादे अक्षर वेगळे. पण लिखाण एवढे मोठे आहे, की त्या एकेकानेही लाखो जागी फरक पडतो. म्हणून कोणी उंच, कोणी बुटका, कोणी शांत, कोणी घाबरट.

कधी कधी एखाद्याच जनुकातल्या फरकाने मोठी गोष्ट घडते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवाच रक्तगट आढळला. अशा माणसाला नेहमीच्या कोणत्याच गटाचे रक्त चालत नाही. त्याच गटाचे लागते. जगभर त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. आई आणि बाप या दोघांकडूनही तो ठरावीक फरक आला, तरच मूल त्या गटाचे होते. येथे हिशेब सरळ आहे.

मग भीतीचा हिशेबही असाच सरळ आहे का?

'भीतीचे जनुक' सापडले का?

काही काळ शास्त्रज्ञांना तसे वाटले होते. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींना निरोप धाडतात. निरोप नेणाऱ्या रसांपैकी एकाचे नाव सेरोटोनिन. काम झाले की हा रस परत गोळा करावा लागतो. तो गोळा करणारा गडी कसा बनवायचा, याची सूचना एका जनुकात असते. ही सूचना काहींच्यात आखूड असते, काहींच्यात लांब. १९९६ साली असे प्रसिद्ध झाले, की आखूड सूचनेची माणसे थोडी जास्त काळजी करणारी असतात. २००२ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. भ्यालेल्या चेहऱ्यांची चित्रे दाखविली, तेव्हा आखूड सूचनेच्या माणसांच्या मेंदूतला तो बदामासारखा भाग जास्त जागा झाला. मग काय! भीतीचे जनुक सापडले, असा बोभाटा झाला.

पण शास्त्रात एकदा दिसले म्हणजे झाले, असे नसते. पुढे हजारो, लाखो माणसे तपासली गेली. तेव्हा कळले, की या एका जनुकाचा हात फार थोडा आहे. कित्येक तपासण्यांत तर तो दिसलाच नाही.

आज जाणकारांचे मत असे आहे. भीतीचे असे एक जनुक नाही. शेकडो-हजारो जागी बारीक बारीक फरक असतात. प्रत्येकाचे वजन राईएवढे. कोणाच्या पारड्यात राईचे दाणे थोडे जास्त पडतात, कोणाच्या थोडे कमी. एकही दाणा पडला नाही, असा माणूस मिळायचा नाही. असे घराणेही मिळायचे नाही.

म्हणून रक्त तपासून 'हे मूल भित्रे होणार' असे कोणाला सांगता येत नाही. कोणी पैसे घेऊन सांगत असेल, तर देऊ नका.

मग घराण्याचा हात किती? जुळ्या भावंडांवरून शास्त्रज्ञांनी याचा अंदाज घेतला. काही जुळी अगदी एकसारखी असतात. त्यांची अक्षरेही तीच असतात. दुसरी जुळी साध्या भावंडांसारखी असतात. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांची तुलना केली. त्यावरून दिसले, की माणसामाणसांत चिंतेचा जो कमीजास्तपणा असतो, त्यातला शंभरात ३० ते ४० भाग जन्मतः मिळालेल्या अक्षरांमुळे असतो. बाकीचा निम्म्याहून अधिक भाग आयुष्यात काय काय घडले, त्यामुळे असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. घराण्यात चालत आले ते सगळेच रक्तातून आले, असे नाही. वीज कडाडली की बाप दचकतो. पोर ते रोज पाहते, आणि तेही दचकायला शिकते.

आनंदाचे रसायन

आता एक नवलाची गोष्ट ऐका. १९९२ साली इस्रायल देशात जेरुसलेम येथे शास्त्रज्ञांना मेंदूत एक रसायन सापडले. मन शांत करण्यात त्याचा हात असतो. त्याचे नाव त्यांनी ठेवले 'आनंदमाइड'. आपल्या संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून!

हे रसायन तयार झाले की थोड्या वेळाने मेंदू ते मोडून टाकतो. मोडणारे दुसरे एक द्रव्य असते. त्या द्रव्याच्या जनुकात काही माणसांचे एक अक्षर वेगळे असते. मग ते द्रव्य कमी टिकते, आणि आनंदमाइड जास्त उरते. २०१५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांत आणि माणसांत हे पाहिले. ज्यांचे ते अक्षर वेगळे होते, त्यांची बसलेली भीती लवकर उतरत होती.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनाच ते अक्षर मिळाले तर किती बरे! थांबा. स्कॉटलंडमध्ये जो कॅमेरॉन नावाच्या एक बाई आहेत. २०१९ साली त्यांची हकिगत जगापुढे आली. त्यांच्यात हे अक्षर तर वेगळे होतेच, शिवाय त्याच्या जवळचा एक तुकडाच गळलेला होता. त्यांना दुखणे कळत नव्हते. भीती आणि काळजी जवळजवळ वाटतच नव्हती. पण स्वयंपाक करताना हात भाजला, तर तेही कळत नसे. मांस जळल्याचा वास आला म्हणजे समजायचे!

तेव्हा भीती अजिबात नसणे, हेही काही वरदान नाही.

बी आणि जमीन

हे सगळे आपल्या शेतावरून चांगले समजते. आपल्या पेण तालुक्यात खारजमीन पुष्कळ. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारे पाणी सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत. गोड जमिनीत ही जात लावा की साधी जात लावा, दोन्हींना भात येतो. फरक कधी दिसतो? उधाणाला बांध फुटला, खांड पडली, खारे पाणी आत शिरले म्हणजे. मग साधे भात करपते, खारे सोसणारे तग धरते.

म्हणजे नुसत्या बियाण्यावर काही ठरत नाही, आणि नुसत्या जमिनीवरही नाही. दोन्ही मिळून ठरते. माणसाचेही तसेच आहे.

१९८९ च्या जुलै महिन्यात अंबा नदीला महापूर आला. जांभूळपाडा, नागोठणे या गावांनी तो भोगला. माणसे वाहून गेली. त्या वेळी आमच्या शाळेतले दोघे भाऊ नागोठण्याला मामाकडे होते. थोरला बारा वर्षांचा, धाकटा दहा. दोघांनी ती रात्र माळ्यावर काढली. खाली घरातून पाणी वाहत होते. दोघेही वाचले.

थोरला पुढे ट्रक चालवू लागला. रात्री-अपरात्री पावसात घाट चढतो, आणि सांगतो, "पूर? आला नि गेला." धाकटा आधीपासून थोडा हळवा होता. त्याच्या मनातून तो पूर कधी ओसरला नाही. पाऊस लागला की तो उठून बसतो. पाणी किती चढले, ते पुन्हा पुन्हा बघून येतो.

घर एक, आईबाप एक, रात्रही एकच. पण बियाणे थोडे वेगळे. सख्ख्या भावांची अक्षरेही सगळी सारखी नसतात. शिवाय त्या रात्री कोणी काय पाहिले, काय ऐकले, तेही वेगळे असेल. हा धाकटा भाऊ म्हणजेच त्या मुलीचा बाप.

आमची चूक

येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. पुरानंतर तो मुलगा शाळेत आला. पाऊस सुरू झाला की त्याची नजर पुस्तकावरून खिडकीकडे जाई. आम्ही त्याला बाकावर उभे केले. सगळ्या वर्गासमोर 'भागूबाई' म्हणालो. आम्हाला वाटले, लाज वाटली की भीती जाईल. भीती गेली नाही. नाव मात्र चिकटले. पुढे कित्येक वर्षे गावातली पोरे त्याला त्याच नावाने हाक मारीत. आता आम्हाला कळते, की भुंकणाऱ्या कुत्र्याला दगड मारला तर तो जास्तच भुंकतो.

त्या दोन दिवसांत आम्ही त्याच्या घरी गेलो, आणि हे त्याला बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तवा कुनाला ठाव होतं?" मग त्याने सांगितले, की दोन वर्षांपूर्वी मुलीनेच त्याला डॉक्टरांकडे नेले. तोवर त्याने बायकोलाही सगळे सांगितले नव्हते. आता औषध चालू आहे. डॉक्टरांनी शिकविले तसे तो पावसात ओटीवर बसतो. आधी पाच मिनिटे बसे, मग दहा. "आता पावसात उठतो," तो म्हणाला, "पन एकदाच उठतो. परत झोप लागते."

आणखी एक सांगतो. मागे एकदा उधाणाच्या रात्री उघाडीजवळ बांध झिरपताना दिसला, तो यालाच. सगळे गाव झोपले होते. याने चार घरे उठविली, माती टाकली, आणि खांड पडायची वाचली. त्याच्या बापाला, म्हणजे मुलीच्या आजालाही, लोक भित्रा म्हणत. पण अमावास्या-पुनवेला बांधावर पहिली फेरी त्याचीच असे. काळजी करणारा माणूस गावाला ओझे होतो, असे कोणी समजू नये.

काय करावे?

तुमच्या घरात कोणाला असा त्रास असेल, तर काय करावे?

पहिले म्हणजे हसू नये, रागावू नये. 'मन घट्ट कर' एवढे म्हटल्याने मन घट्ट होत नाही. शेजारी बसावे, आणि ऐकून घ्यावे.

दुसरे, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना सगळे मोकळेपणी सांगावे. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या आजारानेही छाती धडधडते. ते डॉक्टरच ओळखतात. चिंतेच्या आजारावर औषधे आहेत, आणि बोलून करायचे उपचारही आहेत. ज्याची भीती वाटते, त्याची थोडी थोडी सवय करणे, हा त्यातलाच एक उपाय. औषध आपल्या मनाने घेऊ नये, आणि मध्येच सोडूही नये.

तिसरे, दारूच्या वाटेला जाऊ नये. दारूने भीती रात्रीपुरती दबते. उतरली की जास्तच वर येते. रात्री चहाही नको. नीट झोप, दिवसा अंगमेहनत आणि माणसांत वावर यांनी बरे वाटते.

चौथे, सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' नावाची सोय केली आहे. १४४१६ या नंबरावर फोन करावा. रात्र असो की दिवस, पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

पाचवे, देवाला नारळ द्यायचा तर जरूर द्यावा. पण भूत उतरवितो म्हणून कोणी माणसाला मारू लागला, कोंडू लागला, तर ते होऊ देऊ नये. २०१३ च्या कायद्याने आपल्या राज्यात तो गुन्हा आहे.

त्या गृहस्थांना काय सांगितले?

तिसऱ्या दिवशी ते आले. आम्ही म्हणालो, "तुम्ही विचारलेत, भीती घराण्यात असते का? थोडी असते. आईला किंवा बापाला चिंतेचा आजार असला, तर मुलाला तो होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो, हे खरे. पण पुष्कळ मुलांना तो होत नाही, हेही खरे. शिवाय नातवंडांत निम्मी अक्षरे तुमच्या मुलाकडूनच येणार. आणि मूल कोणत्या घरात वाढते, तेथे त्याला धीर मिळतो की टोमणे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ते तर तुमच्याच हातात आहे."

"मंजे लगीन करू का नको?"

"ते पोरांना विचारा. एकमेकांना पसंत आहेत का, ते पाहा. पण बाप पावसाला भितो, म्हणून पोरीला नको म्हणू नका."

ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, आमची कारभारीनपन तशीच हाय. पोरगा मोटारसायकल घेऊन गेला, की येईस्तोवर दारात उभी. जेवत नाय. आमी तिला हसतो."

"मग आता हसू नका," आम्ही म्हणालो.

त्यांनी १४४१६ हा नंबर कागदावर लिहून मागितला. कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि जाताना मुलीच्या घराची वाट विचारली.